कुणाच्या घरचं पाणी?

दिवसाला किती पाणी प्यावं, या विषयावर आमच्या लोणावळ्याच्या कार्यालयात एकदा व्याख्यान झालं होतं. वीज कंपनीच्या कार्यालयात पाण्यावर व्याख्यान कशाला, असं कुणी विचारलं नाही. आरोग्य सप्ताह होता आणि वरून परिपत्रक आलं होतं. परिपत्रक आलं की विचारायचं नसतं. वक्ते डोंगरावरच्या कुठल्याशा निसर्गोपचार केंद्रातले होते. त्यांच्या नावाआधी तीन पदव्या होत्या आणि त्यांपैकी एकीचाही अर्थ आम्हाला लागला नाही. टेबलावर त्यांनी स्वतःची बाटली ठेवली होती. तिच्यावर तासागणिक रेघा मारलेल्या होत्या आणि प्रत्येक रेघेशेजारी एक शाबासकी छापलेली होती. प्रत्येकाने दिवसाला तीन लिटर पाणी प्यायलाच पाहिजे, असं ते म्हणाले. तहान लागली म्हणजे उशीर झालेला असतो, असंही म्हणाले. हे वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं, कारण आमचे साहेब ते लिहून घेत होते.

शेवटी ‘काही शंका?’ असं विचारल्यावर मागच्या खुर्च्यांतून एक हात वर झाला.

“तीन लिटर म्हणालात. पर कुणाच्या घरचं?”

सगळे हसले. मीही हसलो. वक्ते जरा गोंधळले आणि पाणी उकळून गार केलेलं असावं, असं काहीतरी म्हणाले. हात खाली गेला. विचारणारे भाऊ होते, आमचे मीटर रीडर. मी बिलिंगचा कारकून. ते गावोगाव हिंडून आकडे आणायचे आणि मी ते सावलीत बसून मशीनमध्ये भरायचो. त्यांच्या प्रश्नाला मी विनोदात जमा केलं. तो विनोद नव्हता हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

भाऊंचा एक नियम होता. दारात गेल्यावर आधी पाणी, मग मीटर. घाईच्या दिवसांतही यात बदल नसे. दुसरे रीडर भिंतीवरच्या मीटरकडे बघत, आकडा टिपत आणि पुढे जात. भाऊ ओट्यावर बसत, चप्पल काढत, टोपीने वारा घेत आणि वाट पाहत. घरातून कुणी पाणी विचारलं तर ठीक. नाही विचारलं तर स्वतःच हाक मारत, “ताई, पाणी द्या जरा.” त्यामुळे त्यांची फेरी नेहमी दोन दिवस उशिरा पुरी व्हायची आणि साहेबांची बोलणी ते महिन्याच्या महिन्याला खायचे.

“मीटर कुटं पळून जातंय का?” ते म्हणत. “भिंतीला ठोकलेलं हाय. माणूस मातुर निगून जातंय.”

आणि पाणी ते तोंड लावून प्यायचे. खेडोपाडी परक्या घरचा पेला वरून प्यायची पद्धत अजून बऱ्याच जणांच्या अंगात आहे. भाऊ पेला ओठांना लावत, सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत, आणि रिकामा पेला खाली न ठेवता देणाऱ्याच्या हातात देत. मग तो पेला कुठं जातो हे बघत. इतर भांड्यांत गेला तर उठून रीडिंग घेत. बाजूला ठेवला गेला तर आणखी एक पेला मागत.

त्यांचा जन्म छप्पन सालचा. “मी आन् बुद्ध एकाच वर्षी घरात आलो,” ते सांगत. “पर माझी वास्तपुस्त आधी झाली, रडत हुतो म्हून.” त्यांचं गाव वडिवळ्याच्या बाजूला. गावाने धर्मांतर पाहिलं, पण पाण्याची रीत तशी एका वर्षात बदलत नाही. भाऊंचे वडील, ते त्यांना आबा म्हणत, वरच्या आळीतल्या एका मोठ्या घरी भाताच्या लावणीला जायचे. दुपारी पाणी मागायचं तर ओट्यापासून लांब उभं राहायचं, वाकायचं आणि ओंजळ धरायची. त्या घरची बाई वरून तांब्याने पाणी ओतायची. भाऊ तेव्हा पाच-सहा वर्षांचे.

“आबाच्या कोपरातनं पाणी गळायचं बगा,” हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, वलवणच्या धरणाच्या भिंतीपाशी डबा खाताना. समोर पाणीच पाणी होतं. “निम्मं पोटात, निम्मं मातीत. ती बाई काय वाईट न्हवती. आबा पुरं म्हणंस्तवर वतायची. पर माणसाला किती पाणी लागतं, ते तवा कसं मोजायचं सांगा. कोपरातलं वजा करायचं का न्हाई?”

मला त्या वेळी आमच्याच घरचं एक दृश्य आठवत होतं. आम्ही औंढ्याचे, शेतकरी. नोकरीला लागल्यावर पहिल्याच वर्षी मी भाऊंना घरी जेवायला नेलं होतं. आईने आग्रह करून वाढलं, पाणी दिलं, पुन्हा या म्हणाली, आणि ते गेल्यावर त्यांचा पेला तीनदा घासला. मी मोरीच्या दारात उभा राहून पाहत होतो. काही बोललो नाही. त्या दिवसांत मी समतेवर बरंच वाचत होतो.

आपल्याकडे पाहुण्याला पाणी देत नाहीत, पाणी विचारतात. देणं नंतर येतं. एखाद्याचा राग आला तर आपण ‘त्यांनी पाणी दिलं नाही’ असं म्हणत नाही, ‘साधं पाणीसुद्धा विचारलं नाही’ असं म्हणतो. भाऊंचं सगळं आयुष्य या क्रियापदावर उभं होतं. वलवणच्या बंगल्यांमध्ये त्यामुळे त्यांची पंचाईत व्हायची. तिथे दाराशी राखणदार, आत कुत्रा आणि मालक मुंबईला. एकदा मात्र एक मालकीणबाई घरी सापडल्या. त्यांनी मोठ्या अगत्याने फ्रीजमधली बंद बाटली आणून दिली. भाऊंनी ती परत केली.

“बाई, घरातलं द्या. पेल्यात.”

“अहो, हे मिनरल आहे. सील आहे बघा, कुणी हात लावलेला नाही.”

“त्येच की,” भाऊ म्हणाले. “कुणी हात लावलेलं असंल तर द्या.”

बाईंनी कार्यालयात तक्रार केली की तुमचा माणूस विचित्र बोलतो. साहेबांनी खुलासा मागवला. खुलासा मीच लिहून दिला. कार्यालयातले सगळे खुलासे मीच लिहीत असे. माझ्या मराठीचा मला अभिमान होता. ‘सबब’, ‘तथापि’, ‘उपरोक्त’ हे शब्द कुठं बसवायचे हे मला जसं कळायचं तसं आसपासच्या चार कार्यालयांत कुणाला कळत नसे. भाऊ म्हणायचे, “साहेब, तुमचं वाचलं की गुन्हा केल्यासारखं वाटतंय आन् सुटल्यासारखंबी.” कारकुनाला साहेब म्हणणारे ते एकटेच.

निवृत्त झाल्यावर भाऊ कामशेतला राहायला आले, पण फेरी सुटली नाही. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पूर्वीसारखीच टोपी घालून ते आपल्या गावाकडे आणि आसपासच्या वाड्यांवर निघत. आता मीटर बघायचं नव्हतं. ओट्यावर बसायचं, पाणी प्यायचं, कुणाची सून कशी आहे, कुणाचं भात किती झालं विचारायचं आणि पुढच्या घरी जायचं. दहा-दहा, बारा-बारा घरं. त्या वरच्या आळीतल्या मोठ्या घरातही जायचे. ओंजळीत पाणी ओतणारी बाई केव्हाच गेली होती. तिची सून आता सत्तरीची झाली होती; सगळा गाव तिला मावशी म्हणायचा. ती भाऊंना स्वतःच्या तांब्यातून पाणी द्यायची आणि उरलेलं त्यांच्यासमोर स्वतः प्यायची. तोंड लावून. तिला कुणी हे शिकवलं होतं की तिचं तिलाच सुचलं होतं, हे मला माहीत नाही. भाऊंनी विचारलं नव्हतं. “अशा गोष्टी इचारल्या की नासत्यात,” ते म्हणाले.

मग त्यांच्या पायांवर सूज आली. जिना चढताना दम लागायला लागला, रात्री आडवं पडवेना. तळेगावच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि हृदय मोठं झालंय असं सांगितलं. भाऊ बाहेर आले ते हसत.

“मन मोठं हाय असं लोकं म्हणायची. आता डॉक्टरनं कागदावर दिलं.”

वहिनींना हसू आलं नाही. वहिनी म्हणजे त्यांची बायको. बोलायला कमी आणि ऐकायला पक्की. डॉक्टरांचं सगळं वहिनींनीच ऐकून घेतलं होतं. हृदयाला पाणी पुढे ढकलता येत नाही, ते अंगात साठतं, फुप्फुसात चढतं. दिवसाला एक लिटर, त्याच्या वर थेंब नाही. आणि त्यात चहा, ताक, पेज, आमटीचं पाणी, गोळीबरोबरचा घोट, सगळं आलं. रोज सकाळी वजन करायचं. दोन दिवसांत दोन किलो वाढलं तर पोटात जेवण नाही, पाणी आहे असं समजायचं आणि फोन करायचा.

ज्या माणसाने जन्मभर दारोदार पाणी मागून प्यायलं, त्याला एक लिटर. निसर्गोपचारवाल्यांच्या तीन लिटरच्या हिशेबात हे कुठं बसत होतं, ते त्यांनाच ठाऊक.

भाऊंनी ही गोष्ट आपल्या धंद्याच्या भाषेत समजून घेतली. त्याला त्यांनी भारनियमन असं नाव दिलं. वहिनी सकाळी लिटरभर पाणी मोजून बाटलीत भरून ठेवत. त्यातलं अर्धं घरासाठी, चहा-आमटीपुरतं. अर्धं ‘फेरीसाठी’. म्हणजे बाहेर पाच घरी पाणी प्यायचं, प्रत्येक घरी चार घोट, आणि घरी आल्यावर तेवढं बाटलीतून ओतून टाकायचं. कागदावर योजना निर्दोष होती. अडचण अशी की मावळात कुणी चार घोट पाणी देत नाही. तांब्या भरून येतो, वर पेला पालथा. आणि भाऊंना दिलेल्या पाण्यातलं अर्धं ठेवता येत नव्हतं. तिसऱ्या महिन्यात त्यांना दोनदा दवाखान्यात ठेवावं लागलं. डॉक्टरांनी वहिनींना बाजूला घेऊन सांगितलं, असंच चाललं तर पावसाळा बघणार नाहीत.

वहिनींनी मला बोलावलं. “तुमचं ऐकत्यात. निदान न्हाई म्हणायला तरी शिकवा त्यास्नी.”

म्हणून एका रविवारी दुपारी आम्ही तालीम केली. मी घरमालकीण झालो. आतून तांब्या घेऊन बाहेर आलो आणि म्हणालो, “पाणी घेता का, भाऊ?”

भाऊ खुर्चीत ताठ बसले. घसा साफ केला. “द्या.”

“अहो, नको म्हणायचं!” वहिनी ओरडल्या.

“बरं, बरं. परत इचारा.”

“पाणी घेता का, भाऊ?”

“नगं… म्हंजी…” त्यांनी माझ्या हातातल्या तांब्याकडे पाहिलं. “आता आणलंच हाय तर द्या.”

तिसऱ्या वेळी त्यांनी तोंड दुसरीकडे वळवून ‘नगं’ म्हटलं आणि त्यांचा चेहरा इतका पडला की वहिनी हसता हसता रडायला लागल्या. तालीम तिथेच संपली.

मग मी माझ्या बुद्धीने उपाय काढला. यांना नाही म्हणता येत नाही ना, तर विचारणंच थांबवू. त्यांच्या गावाचा मोबाईलवर ग्रुप होता. ग्रामपंचायतीच्या सूचना, दुधाचे भाव, वाढदिवस, सगळं त्यावर यायचं. बिलांच्या तारखा कळवायला त्यात मीही होतो. भाऊ नव्हते, त्यांच्याकडे साधा फोन होता. मी बसून मसुदा केला. दोन ओळी खोडल्या, पुन्हा लिहिल्या. वहिनींना वाचून दाखवला; त्या म्हणाल्या, तुम्ही लिहिताय म्हणजे बरोबरच असंल. वर भाऊंचं पूर्ण नाव घालून आणि खाली माझं लिहून मी पाठवलं:

‘सर्व ग्रामस्थांस कळविण्यात येते की, उपरोक्त गृहस्थांची प्रकृती ठीक नाही. सबब, त्यांना कोणीही पाणी देऊ नये.’

सतरा जणांनी अंगठे उमटवले. मला समाधान वाटलं.

पुढच्या आठवड्यात भाऊ कामशेतच्या कार्यालयात आले. माझी तिकडे बदली झाली होती. दुपारची वेळ, काउंटरवर गर्दी नव्हती. माझ्या समोरच्या खुर्चीत बसले. टोपी काढली नाही.

“साहेब, आज सा घरं केली.”

“बरं. पाणी किती झालं?”

“शून्य युनिट.”

“वा!” मी म्हणालो.

“व्हय,” ते म्हणाले. “वा.”

मग सावकाश सांगायला लागले. “पयल्या घरी वाटलं, इसरली असंल. दुसऱ्या घरी वाटलं, घाईत हायेत. तिसऱ्या घरी खुर्ची दिली, पंखा लावला, जेवायला बसा म्हणाली, पाण्याचं नाव न्हाई. चवथ्या घरी धाकटी सून तांब्या घिऊन बाहेर आली, तर आतनं सासूची हाक आली. ‘अगं, त्यास्नी नगं!’ पोरगी तशीच मागं फिरली. पाचव्या घरी मी सोता मागितलं. मालक म्हणाला, बसा की भाऊ, गप्पा मारू. साहेब, पन्नास वर्सांत असं झालं न्हवतं. मला वाटलं, काय इटाळ बिटाळ परत चालू झाला का काय गावात.”

मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी हात वर केला.

“सहावं घर मावशीचं. ती रडाय लागली. म्हणाली, भाऊ, मोबाईलवर आलंय, तुमाला पाणी द्यायचं न्हाई म्हून. मी म्हणलं, दाव. तिनं दावलं. मी वाचलं. खाली नाव पायची गरज न्हवती. ‘सबब’ म्हणणारा अख्ख्या मावळात दुसरा कोण हाय?”

मी सांगायला लागलो. डॉक्टर काय म्हणाले, वहिनी किती घाबरल्या होत्या, हे सगळं त्यांच्याच जिवासाठी कसं होतं. त्यांनी सगळं ऐकलं.

“तुमी चांगल्यासाठीच केलं. मी कुटं न्हाई म्हणतो?” ते म्हणाले. “डॉक्टरबी खरं, तुमीबी खरं. पर साहेब, आमच्या आबाला वाचता येत न्हवतं. त्याला हे वाक्य कुणी लिहून दिलं न्हवतं. मला लिहून आलं. माझ्या नावानिशी.”

ते उठले आणि गेले. मी त्यांना पाणी विचारलं नव्हतं, हे ते दिसेनासे झाल्यावर माझ्या लक्षात आलं. समोर माठ होता.

त्या दिवशी संध्याकाळी मी दुसरा मसुदा करायला बसलो. ‘पूर्वीची सूचना रद्द समजण्यात यावी’ इतकं लिहून झाल्यावर स्वतःचीच शिसारी आली आणि ते पुसून टाकलं. शनिवारी गाडी काढून गावात गेलो, घरोघर फिरलो. भाऊंना पाणी विचारा, म्हटलं, फक्त थोडं द्या. बायका माझ्याकडे बघत राहिल्या. एकीने स्पष्टच सुनावलं, “आधी म्हणता देऊ नगा, आता म्हणता द्या. किती द्यायचं त्ये तरी सांगा.”

“घोटभर.”

“घोटभर पाणी कसं द्यायचं वो दारात आलेल्या माणसाला? चांगलं दिसतं का त्ये?”

मावशींनी मात्र डोकं लावलं. फडताळातून नातवाचा लहान पेला काढला आणि पुसून तांब्याशेजारी ठेवला. “त्यास्नी धाडून द्या,” म्हणाल्या. “मीबी ह्यातनंच पिईन.”

मी निरोप दिला. भाऊ गेले नाहीत. “जाईन की,” म्हणायचे. त्या महिन्याची फेरी चुकली, मग पुढच्याही. त्यांनी टोपी खुंटीला अडकवली आणि खिडकीशी बसून राहिले. राग नव्हता. माझ्याशी पूर्वीसारखंच बोलायचे. मी गेलो की वहिनी पाणी आणत, आणि त्यांच्यासमोर पिणं मला जड जाई. तेव्हा तेच म्हणत, “प्या. इचारलं की प्यावं.”

पाण्याचं म्हणाल तर ते आता अगदी मापात होतं. एक लिटर. कधी कधी त्यातलंही संध्याकाळी उरायचं. सूज उतरली, वजन स्थिर झालं. तळेगावचे डॉक्टर खूश होते. असा शिस्तीचा पेशंट मिळत नाही, म्हणाले. दुसऱ्या पेशंटना त्यांचं उदाहरण देतो, म्हणाले. डॉक्टर म्हणाले होते त्यापेक्षा भाऊ जास्त जगले. पावसाळा पाहिला, भाताची कापणी पाहिली, खिडकीतून दिसेल तेवढी. हे सगळं त्या सूचनेमुळे झालं असं कुणी म्हणालं तर मला खोडून काढता येणार नाही. मी अनेकदा प्रयत्न केला आहे.

थंडीत एका सकाळी, वहिनी बाटली भरत असताना, खुर्चीतच ते गेले.

पाचव्या दिवशी घरी जलदानविधी होता. वडिवळ्याकडून एक टेम्पो भरून माणसं आली. त्या सहाही घरांतली होती, आणखीही बरीच होती. लहान खोली, खाली सतरंजी, सगळे दाटीवाटीने बसले. मावशी पुढेच बसल्या होत्या, पांढऱ्या लुगड्यात. बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींसमोर मेणबत्त्या होत्या. त्याखाली भाऊंचा फोटो, पुढ्यात एक लहान ताट, ताटात वाटी. बौद्धाचार्यांनी वहिनींच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. गाथा चालू असताना वाटीत धार धरायची असते.

वहिनींनी धार धरली. बारीक. वाटी अर्ध्यावर आली आणि त्यांचा हात थांबला. आठ महिन्यांची सवय होती. त्यांनी वाटीत डोकावून पाहिलं आणि शेजारी बसलेल्या मला हळूच विचारलं, “किती झालं?”



बौद्धाचार्य गाथा थांबवून म्हणाले, “ताई, थांबू नका. वाटी भरून सांडली पाहिजे.”

वहिनींनी तांब्या कलता केला. वाटी भरली, काठावरून वाहू लागली, मग ताट भरलं. त्या ओततच राहिल्या. पाणी ताटातून फरशीवर आलं, सतरंजीच्या कडेखाली शिरलं आणि पुढे बसलेल्यांच्या पायांपर्यंत पोचलं. मावशींच्या लुगड्याचा काठ भिजला. कुणी पाय मागे घेतले नाहीत.